तुरुंगातल्या शिपायाला परदेशी धर्तीचं ट्रेनिंग द्यावं का? (ठाणे / तळोजा / कल्याण)

मृदुला_कळवा
नमस्कार मंडळी. माझी भाची कारागृह शिपाई म्हणून सिलेक्ट झाली. पळणं, गोळाफेक, लेखी, सगळं पार पाडून मेरिटमध्ये आली, घरात पेढे वाटून झाले आणि आता वाद सुरू झालाय. माझे दीर म्हणतात की तिथे दरारा लागतो, मऊ वागलीस तर बायकाच तुला खातील. ती म्हणते मावशी, मी जरा वाचलंय, जगात वेगळं शिकवतात. मग मीही शोधून वाचलं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या तुरुंग खात्याने तिथल्या परराष्ट्र खात्याच्या मदतीने कॅन्यन सिटी नावाच्या गावात इतर देशांच्या तुरुंग कर्मचाऱ्यांसाठी ट्रेनिंग सेंटर चालवलंय. जपानमध्ये संयुक्त राष्ट्रांची युनाफेई म्हणून संस्था आहे, १९६२ पासून आशियातले तुरुंग अधिकारी, सरकारी वकील, पोलीस तिथे कोर्सला जातात, आपल्याकडचेही गेलेत. आणि सगळीकडे सांगतात एकच, की बंद्याला (म्हणजे कैद्याला) माणसासारखं वागवणं आणि तुरुंग सुरक्षित ठेवणं हे एकाच कोर्समध्ये, एकत्रच शिकवायचं असतं.
माझं मत सांगते. हे आपल्याकडे यायला पाहिजे, आणि साहेबांपासून नाही, शिपायापासून. तुम्हाला काय वाटतं? कोणी या खात्यात असेल तर प्लीज लिहा.

वाशी_पुल
ताई आधी भाचीचं अभिनंदन! पेढे कळव्यातच संपले का, पुलाच्या या बाजूला पण माणसं राहतात 😀

खारघर_सेक्टर१०
अभिनंदन. पण मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तळोजा जेल आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या घरात खून झालाय, माझ्या चुलत्यांचा. आरोपी आत आहेत, केस अजून चालू आहे, काकू प्रत्येक तारखेला कोर्टात जाऊन बसते. असं असताना 'माणुसकीने वागवा' हे वाचलं की पहिला प्रश्न येतो की आमच्याशी माणुसकीने वागायचं ट्रेनिंग कोणाला देणार आहात? शिपाई कडकच पाहिजे. बस.

चरई_वकील
खारघर दादा, तुमच्या काकूंचं दुःख समजतं, आणि पीडितांच्या कुटुंबाला आपल्याकडे कोणी विचारत नाही ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. दोन गोष्टी फक्त मांडतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभर तुरुंगात ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची. त्यातले जवळजवळ ७६ टक्के न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही. मोबाईल चोरीपासून खुनापर्यंत सगळे एकाच बॅरकमध्ये दाटीवाटीने. शिपाई 'कडक' राहणार म्हणजे या सगळ्यांशीच कडक राहणार, तो काही चार्जशीट वाचून वागणूक ठरवत नाही.
दुसरं म्हणजे ही काही परदेशातून आणलेली फॅशन नाही. १९७९ मध्ये सुनील बात्रा या तिहारच्या कैद्याने दुसऱ्या कैद्याला वॉर्डरने, म्हणजे तुरुंगातल्या रक्षकाने, केलेल्या छळाबद्दल सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. बंदी झाला म्हणून मूलभूत हक्क गेटवर काढून ठेवावे लागत नाहीत, हा आपल्याच देशाचा कायदा आहे. पण तो शिपायाला कोणी आणि किती तास शिकवला?

निवृत्त_सुभेदार
मृदुलाताई, मुलीला आशीर्वाद. मी या खात्यातून रिटायर झालो, शिपाई म्हणून लागलो आणि सुभेदार होऊन बाहेर पडलो. कुठल्या कारागृहात काय झालं ते नावानिशी लिहिणार नाही. पण तुमच्या दिरांना जे वाटतं ते मलाही भरती झालो तेव्हा असंच सांगितलं होतं, आवाज मोठा ठेव, काठी दिसत राहू दे.
आता खरं काय असतं ऐका. संध्याकाळी बराकी बंद करायच्या वेळेला बॅरकमध्ये सगळ्यांना जोडीजोडीने उकिडवं बसवतात आणि गिनती घेतात. एक शिपाई, समोर दीडशे दोनशे माणूस. ते दोनशे जण उठले तर काठीचं काय करणार तुम्ही? ते उठत नाहीत कारण त्यांना माहीत असतं की हा माणूस उगाच कोणाला मारत नाही, पैसे खात नाही, कोणाचं पत्र दाबत नाही, आणि उद्या माझ्या पोटात दुखलं तर दवाखान्यात नेईल. तुरुंग हा बंद्यांच्या अर्ध्या संमतीवर चालतो, भिंतीवर नाही. हे वाक्य मला कोणी कोर्समध्ये शिकवलं नाही, रात्रपाळ्यांनी शिकवलं.
एक प्रसंग सांगतो. एक तरुण पोरगा, पहिलीच वेळ, गप्प असायचा. एक दिवस बघितलं तर त्याने कॅन्टीनमधून घेतलेली बिस्किटं, साबण, तेलाची बाटली सगळं शेजारच्याला देऊन टाकलेलं. नवा शिपाई म्हणाला, चांगला पोरगा आहे, वाटून खातो. मी म्हटलं थांब. आत माणूस साबण सहजासहजी देत नाही. त्याला बाजूला घेऊन बसवला, बायकोची घटस्फोटाची नोटीस आली होती त्याला आदल्या मुलाखतीत, म्हणजे घरच्यांच्या भेटीत. रात्री त्याच्याजवळ दोन शहाणे बंदी झोपवले, सकाळी डॉक्टरकडे नेला. पोरगा वाचला. आता ही माणुसकी झाली की सिक्युरिटी झाली?

तिसरी_पाळी
काका 🙏 शेवटची ओळ वाचून शांत झालो.

ओस्लोत_नेरुळकर
सुभेदार काका, तुम्ही जे लिहिलंत त्याला इथे डायनॅमिक सिक्युरिटी म्हणतात आणि तो अभ्यासक्रमाचा मुख्य विषय आहे! मी नॉर्वेत बरीच वर्षं आहे (नर्सिंगमध्ये), माझी मैत्रीण तुरुंग अधिकारी आहे त्यामुळे हे जरा जवळून माहीत आहे. इथे तुरुंग कर्मचारी व्हायला लिलेस्ट्रोम इथल्या कॉलेजात दोन वर्षांचं शिक्षण लागतं, शिकताना पगार मिळतो. कायदा, मानसशास्त्र, नीती, समाजकार्य, आणि त्याच्याबरोबरच झडती, बळाचा वापर, स्वसंरक्षण. एक सोडून दुसरं असं नाही.
हाल्डेनचा तुरुंग २०१० मध्ये सुरू झाला, त्याचे फोटो फिरत असतात आणि लोक म्हणतात हे हॉटेल आहे. पण त्या फोटोत सहा मीटर उंचीची काँक्रीटची भिंत कोणी दाखवत नाही. आणि एक बारकावा मैत्रिणीने सांगितलेला, तिथे कर्मचाऱ्यांच्या खोल्या मुद्दाम लहान आणि अडचणीच्या बांधल्यात, म्हणजे ते आत बसून राहणार नाहीत, बाहेर येऊन बंद्यांच्यात वावरतील, त्यांच्याबरोबर कॉफी घेतील, पत्ते खेळतील. कोणाचं कोणाशी बिनसलंय हे त्यांना सीसीटीव्हीच्या आधी कळतं.

खारघर_सेक्टर१०
नॉर्वेची लोकसंख्या किती, ५५ लाख. आपल्या ठाणे जिल्ह्यापेक्षा कमी. तिथे अख्ख्या देशात तीनेक हजार कैदी. जवळजवळ एका कैद्यामागे एक कर्मचारी. इथे काका सांगतायत दोनशेला एक. कॉफी कोण कोणाबरोबर घेणार? ही तुलनाच चुकीची आहे.

ओस्लोत_नेरुळकर
दादा तुमचा मुद्दा रास्त आहे, संख्या हा मोठा फरक आहे, मी नाकारत नाही. पण नॉर्वे पहिल्यापासून असं नव्हतं, ऐंशी-नव्वदच्या दशकात इथेही मारामाऱ्या, पळून जाणं सगळं होतं, त्यातून त्यांनी बदललं. आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातले तुरुंग अधिकारी इथे येऊन गेले, परत जाऊन त्यांनी एकांतकोठडीचा वापर बराच कमी केला. पेनसिल्व्हेनियाच्या चेस्टर तुरुंगातले कर्मचारी पण स्कँडिनेव्हियात राहून काम बघून गेले आणि २०२२ मध्ये त्यांनी एक अख्खा विभाग तसा सुरू केला. म्हणजे श्रीमंत छोट्या देशाबाहेरही थोडंफार नेता येतं.

घोडबंदर_प्रोफेसर
मूळ पोस्टमधल्या कोलोरॅडोबद्दल माझी शंका नोंदवतो. जगात सगळ्यात जास्त माणसं तुरुंगात ठेवणाऱ्या देशांत अमेरिका वरच्या क्रमांकावर, आणि ज्या कॅन्यन सिटीत हे जगाला शिकवणारं सेंटर आहे त्याच काउंटीत, काही मैलांवर फ्लॉरेन्स गावात त्यांचा सुपरमॅक्स, म्हणजे सगळ्यात कडेकोट, तुरुंग आहे जिथे माणसं वर्षानुवर्षं एकटी ठेवली जातात. संयुक्त राष्ट्रांचे नेल्सन मंडेला नियम सांगतात की दिवसाचे २२ तास किंवा जास्त माणसाच्या अर्थपूर्ण संपर्काशिवाय ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांच्या वर गेला की निषिद्ध. मग शिकवणाऱ्याच्या अंगणात हे कसं? मला परदेशी ट्रेनिंगला विरोध नाही, पण कोणाकडून काय शिकायचं ते निवडून घ्यायला हवं. गेट कसं चालवायचं, बंद्यांचं वर्गीकरण कसं करायचं, कागदपत्रं कशी ठेवायची हे अमेरिकेकडून शिकावं, बाकीचं तपासून.
गरीब देशाचं उदाहरण हवं असेल तर डॉमिनिकन रिपब्लिक बघा. २००३ पासून त्यांनी स्वतःची तुरुंग शाळा काढली आणि नियम केला की नव्या तुरुंगांसाठी पोलीस किंवा लष्करात नोकरी केलेला माणूस घ्यायचाच नाही, कोऱ्या पाटीची तरुण मुलं घेऊन पहिल्यापासून शिकवायची. नंतर शेजारचे देश त्यांच्याकडे बघायला यायला लागले.

घंटाळी_रोड
थोडं अवांतर. ठाण्याचं कारागृह म्हणजे मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. रोज तलावपाळीवरून पुढे जाताना त्या भिंतीजवळून आपण रिक्षाने जातो आणि बघतही नाही. सांगायचा मुद्दा, किल्ला शत्रूला बाहेर ठेवायला बांधतात, त्यात माणसं आत कोंबून सुधारायची म्हणजे इमारतच विरोधात. अशा ठिकाणी शिपायाच्या वागण्यावर दुप्पट भार येतो.

वाशी_पुल
घंटाळी सर इतिहासाचा तास असला की मी हजर. पण धागा मूळ विषयावर आणा, नाहीतर आता पार्किंगवर जाईल 😀

तिसरी_पाळी
पार्किंगचा विषय काढलातच तर कोर्टाजवळच्या त्या गल्लीत...

चरई_वकील
नको 🙏

घंटाळी_रोड
बरं, मूळ विषयावरच येतो. परदेशी विचार आपल्याकडे रुजत नाही म्हणणाऱ्यांसाठी : सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात खुली वसाहत सुरू झाली, कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची, पाठिंबा औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांचा. जन्मठेपेचे कैदी कुटुंबासह राहून शेती करायचे. पोलंडचा माणूस आणि माणदेशची दुष्काळी जमीन. जुळलं ना?

नाव_नको
मी इथे फक्त वाचत असते, आज लिहिते. माझा भाऊ आत होता, नंतर निर्दोष सुटला. कुठे ते लिहीत नाही. मुलाखतीसाठी सकाळी लवकर नंबर लावायचा, आईला गुडघ्याचा त्रास, ती फुटपाथवर बसायची. आत गेल्यावर काच आणि इंटरकॉम, त्यात आवाज नीट येत नाही, सगळे ओरडत असतात, वेळ संपला की फोन बंद.
एक शिपाई होता, आईला बघितलं की आतून खुर्ची आणून द्यायचा. आणि दुसरा एक होता, आईच्या पिशवीतली औषधांची पाकिटं टेबलावर उलटी करायचा, गोळ्या खाली पडायच्या, आई वाकून वेचायची. तपासणी दोघांनाही करायचीच होती. खुर्ची देणाराही प्रत्येक पाकीट उघडून बघायचा, काही सोडायचा नाही. पण एक एक करून बघायचा आणि परत भरून द्यायचा. खारघर दादा, तुमच्या काकूंच्या दुःखापुढे मी काही बोलणार नाही. पण माझी आई कुठल्या गुन्ह्याची आरोपी होती?

खारघर_सेक्टर१०
ताई, तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते चूकच. त्याचं समर्थन मी करणार नाही.

डॉ_ऐरोली
मानसोपचारात आहे म्हणून कर्मचाऱ्यांच्या बाजूने लिहिते. देशभरात तुरुंग कर्मचाऱ्यांच्या साधारण ३० टक्के जागा रिकाम्या असतात. म्हणजे जो शिपाई आहे त्याने न भरलेल्या माणसाचंही काम करायचं, रात्रपाळीला जोडून दिवसपाळी, सुट्टी रद्द. अशा माणसाला कोर्स देऊन तो संयमी होणार नाही, त्याला आधी झोप द्या. माझ्याकडे अशा नोकरीतली माणसं येतात, घरच्यांवर ओरडतो, दारू वाढली, झोप नाही. आणि आपल्या तुरुंगांत अनैसर्गिक मृत्यूंमध्ये सगळ्यात जास्त आत्महत्या असतात. काकांनी साबणाची जी खूण ओळखली ती नवीन मुलाला आठवडाभरात शिकवता येते, खरंच येते, आम्ही शाळांमध्ये शिक्षकांना शिकवतोच. पण ओळखल्यावर त्या बंद्यापाशी दहा मिनिटं बसायला वेळ नको का?

तुर्भे_सेफ्टी
मी टीटीसी एमआयडीसीत सेफ्टी ट्रेनिंग देतो. आमच्याकडे मॅनेजर सिंगापूरला जाऊन सर्टिफिकेट आणायचा आणि ते केबिनमध्ये फ्रेम करून लागायचं, खाली मशीनवरच्या ऑपरेटरला हेल्मेट का घालायचं तेही माहीत नाही. अपघात कमी झाले ते लाईनवरच्या जुन्या कामगारांना ट्रेनर केलं तेव्हा. त्यामुळे मृदुलाताईंशी सहमत, साहेबांना टोकियोला पाठवा, जरूर पाठवा, पण आल्यावर त्यांनी यार्डात उभं राहून शिपायांना शिकवायचं ही अट घाला. आणि सुभेदार काकांसारख्यांना ट्रेनर म्हणून बोलवा ना, रिटायर झाले म्हणून घरी का बसवलंय?

निवृत्त_सुभेदार
तुर्भेकर, बोलावलं तर आजही जाईन. येरवड्याला दौलतराव जाधव यांच्या नावाचं तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे, शिकवणारे चांगले आहेत, माझे काही वरिष्ठ तिथून शिकून आले आणि फरक दिसायचा. म्हणजे आपल्याकडे काहीच नाही असं नाही. वेल्लोरला दक्षिणेतल्या राज्यांसाठी १९७९ पासून अकादमी आहे. अडचण नंतरची आहे. मुलगा शिकून येतो आणि पहिल्याच पाळीला जुना हवालदार सांगतो, ते पुस्तकातलं विसर, इथे असं चालतं. तिथेच सगळं वाया जातं.
आणि खारघरकर, तुमच्याशी एक बोलायचं होतं. कडक म्हणजे काय ते सांगतो. माझ्या सर्कलमध्ये, म्हणजे तुरुंगातल्या माझ्या विभागात, झडती कधी चुकली नाही. मोबाईल चपलेच्या तळव्यात यायचा, गांजा पेरूच्या आत यायचा, सगळं पकडलंय. पण सगळ्यात महत्त्वाचा मोबाईल पकडला तो झडतीत नाही. एका बंद्याने येऊन हळूच सांगितलं, साहेब त्या नळाच्या मागे बघा, कारण त्याच फोनवरून बाहेर साक्षीदाराला धमक्या जात होत्या आणि त्याला ते पटलं नव्हतं. तो मला का सांगेल? मी त्याच्या आईच्या मयताला त्याची रजा लागावी म्हणून कागद घेऊन धावलो होतो म्हणून. तो साक्षीदार तुमच्यासारख्याच कुटुंबातला असणार.

खारघर_सेक्टर१०
काका, हे मला माहीत नव्हतं. आमच्या केसमध्येही साक्षीदारांवर दबाव आहे, म्हणून मी इतका तापतो. माझं म्हणणं अजून तेच आहे की पीडितांसाठी पण कोणीतरी काही करावं, पण तुम्ही सांगता तसा शिपाई असेल तर त्याला कुठलंही ट्रेनिंग द्या, नॉर्वेचं द्या नाहीतर जपानचं.

घोडबंदर_प्रोफेसर
मंडेला नियमांबद्दल थोडं पुढे लिहितो, कारण मृदुलाताईंच्या 'एकाच कोर्समध्ये' या मुद्द्याचं उत्तर त्यात आहे. मूळ नियम १९५५ चे, सुधारून १७ डिसेंबर २०१५ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने स्वीकारले, एकूण १२२. नाव मंडेलांचं कारण त्यांनी २७ वर्षं तुरुंगात काढली. त्यात ७६ वा नियम कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगमध्ये किमान काय हवं ते सांगतो : कायदा, बंद्यांचे हक्क आणि कर्मचाऱ्यांची कर्तव्यं, डायनॅमिक सिक्युरिटी, बळाचा वापर, वाद बोलून मिटवायचं तंत्र, प्रथमोपचार, मानसिक त्रासाची लक्षणं लवकर ओळखणं. ८२ वा म्हणतो बळ कधी वापरायचं : स्वसंरक्षण, पळून जाण्याचा प्रयत्न, आदेशाला शारीरिक विरोध, आणि तेही गरजेपुरतंच, मग लगेच वरिष्ठांना कळवायचं. यात बंद्यांचे लाड कुठे आहेत? संयुक्त राष्ट्रांचा यावर ऑनलाईन कोर्सही आहे, फुकट.

चरई_वकील
आणि एक नवीन गोष्ट ट्रेनिंगमध्ये यायलाच हवी. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने, मुंबईच्याच एका पत्रकार बाईंच्या याचिकेवर, तुरुंगात जात बघून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं. संडास साफ करायला अमुक जात, स्वयंपाकाला तमुक, असं कित्येक राज्यांच्या नियमावल्यांत होतं. कोर्टाने रजिस्टरमधला जातीचा रकानाही काढायला सांगितला. आता निकाल दिल्लीत लागला, पण सकाळी सहाला कामाची वाटणी कोण करतं? शिपाई आणि हवालदार. त्यांना हा निकाल मराठीत, दोन पानात, समजेल असा दिलाय का हे मी ज्या कर्मचाऱ्याला विचारलं त्याने मान हलवली, नाही म्हणून.

डॉ_ऐरोली
वकीलसाहेब तुम्हीच लिहा ना ती दोन पानं.

चरई_वकील
लिहितो. खरंच लिहितो. प्रोफेसर साहेब, ७६ आणि ८२ चा मराठी मसुदा तुम्ही करता का?

घोडबंदर_प्रोफेसर
या महिन्यात करतो. सुभेदारांनी वाचून भाषा दुरुस्त करायची, मला यार्डातली बोली येत नाही.

मृदुला_कळवा
सगळ्यांचे आभार, नाव_नको ताई तुमचे विशेष. दिरांना काकांची नळामागच्या मोबाईलची पोस्ट वाचून दाखवली, ते म्हणाले हा माणूस कामाचा आहे. आता भाचीचा प्रश्न आहे, तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय : तिला बहुतेक महिला विभागात ड्युटी लागेल, तिथे काय वेगळं असतं? ट्रेनिंगमध्ये कशाकडे जास्त लक्ष देऊ?

चरई_वकील
महिला बंद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचे वेगळे बँकॉक नियम आहेत, २०१० चे, ते वाचायला सांगा. गरोदर बाई, बाळंतपण, झडती कशी घ्यायची, सगळं आहे. आणि आपल्याकडे सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर आत राहू शकतं, हे लक्षात ठेवायला सांगा. त्या मुलाने कुठलाही गुन्हा केलेला नसतो, त्याच्यासमोर आईशी कसं बोलायचं हा सगळ्यात अवघड धडा.

निवृत्त_सुभेदार
वकीलसाहेब बोलले ते बरोबर. मी महिला विभागात काम केलेलं नाही, पुरुष कर्मचारी महिला कर्मचारी बरोबर असल्याशिवाय तिथे जातच नाही, पण आमच्या महिला शिपायांकडून ऐकलंय ते सांगतो. तिकडे भेटायला येणारं कमी असतं. पुरुष आत गेला की बायको दर आठवड्याला रांगेत उभी असते, बाई आत गेली की कित्येकींना माहेरचंही कोणी येत नाही. त्यामुळे मुलाखतीची वही बघायची सवय लाव म्हणावं, कोणाच्या नावापुढे कित्येक महिने काही नाही ते दिसतं, तिच्याशी रोज दोन शब्द बोलायचे, आणि विधी सेवा प्राधिकरणाचे (सरकारकडून मिळणारे फुकट) वकील येतात तेव्हा तिचं नाव पुढे करायचं. झडती आडोशाला घ्यायची, मुलासमोर कधीच नाही. पहिले काही महिने कोणाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही, ना बंदिनीकडून ना त्यांच्या नातेवाइकांकडून. आणि जिथे आत बालवाडी असेल तिथल्या बाईंना पहिल्याच आठवड्यात भेटून घे म्हणावं, कुठल्या आईचं काय बिनसलंय ते पोरांच्या वागण्यावरून त्यांना सगळ्यात आधी कळतं.

नाव_नको
आणि तपासणीच्या टेबलावर बसवलं तर औषधं परत भरून द्यायला सांगा तिला.

मृदुला_कळवा
सांगते ताई. शनिवारी ती कळव्याला येतेय, तेव्हा धागाच वाचायला देते. तिचे प्रश्न असतील ते इथेच टाकू. काका, ती तुमच्याशी फोनवर बोलली तर चालेल का?

निवृत्त_सुभेदार
चालेल. संध्याकाळी सातनंतर कधीही. नंबर मेसेज करतो.